मागच्या सीटची परीक्षा

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो, त्यामुळे गाडीच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. राग माझ्या नाकावर असतो, असं घरचे म्हणतात. ते खरं आहे. पण चार वर्षं एक गोष्ट अशी होती की तिच्यावर रागावून काही उपयोग नव्हता. माझी बायको माझ्या गाडीवर बसत नव्हती.

मोहिनी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत एका शाळेत भूगोल शिकवते. आमचं घरही तिथंच. लग्नानंतरची सोळा वर्षं ती माझ्या मागे बसूनच सगळीकडे गेली. माहेरी, बाजारात, पोरीला पोटात घेऊन दवाखान्यात. रविवारी जेवणं झाली की तीच म्हणायची, चला, कुठंतरी चक्कर मारू. मागे बसून काहीतरी गुणगुणत राहायची आणि हवेमुळे मला त्यातलं निम्मंच ऐकू यायचं. मला ते फार आवडायचं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मग ती पडली. आमचं मूळ गाव समुद्रपूरपासून नऊ किलोमीटरवर आहे. गावात शिरताना नाल्याचा पूल लागतो, पूल ओलांडला की गावचा पार. या दोघांच्या मधे गावानं नवा गतिरोधक बांधला होता आणि त्यावर पांढरा पट्टा मारलेला नव्हता. गाडी उडाली, मी सावरलो, मागे पाहिलं तर मोहिनी रस्त्यावर. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, आत सळई टाकावी लागली. तीन महिने ती अंथरुणावर होती. मी रस्ता बांधणाऱ्याला शिव्या दिल्या, पट्टा न मारणाऱ्याला शिव्या दिल्या, आणि जो जो भेटायला आला त्याला सांगितलं की ही दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसली होती आणि हिनं धरलं नव्हतं. भेटायला आलेले लोक मान हलवायचे. मोहिनी काही बोलायची नाही.

ती बरी झाली, चालायला लागली, शाळेत जायला लागली. माझ्या मागे मात्र बसली नाही. दिवाळीला, पोळ्याला गावी जायचं तर ती वर्ध्याहून एसटी धरायची आणि त्याच एसटीच्या मागे मी माझी मोटारसायकल घेऊन. समुद्रपूरला उतरून ती ऑटो करायची, की ऑटोच्या मागे पुन्हा मी. एकदा कंडक्टर खिडकीतून वाकून म्हणाला, "सर, भांडण सुरूच हाये का अजून?" मी त्याला चार शब्द ऐकवले, पण ते ऐकायला एसटी थांबली नाही.

या वर्षी जुनी गाडी इंजिन खोलायला आली आणि मी ठरवलं की आता घ्यायची ती स्पोर्ट-टूररच. म्हणजे लांबच्या रस्त्याला दम न लागता पळणारी, पण दिवसभर बसलं तरी अंग मोडू न देणारी मोटारसायकल. आणि दोघांसाठी. एका संध्याकाळी मोहिनी मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी विषय काढला.

"कोकणात जाऊ," मी म्हणालो. "तुले समुद्र दाखवतो."

अठरा वर्षं ती फळ्यावर भरती-ओहोटी काढून दाखवते आहे, आणि समुद्र तिनं पाहिलेला नाही. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"गाडी घ्या. इंजिन तुमी पाहा, थे तुमचं काम हाये. मागची सीट मी पाहीन. मले पटली त बसीन. नाई पटली त मी रेल्वेनं येईन, अन् तुमी या मागून."

मी हसलो. ती हसली नाही.

"खरंच सांगून राह्यली," ती म्हणाली. "मले बसाचं हाये. एसटीच्या मागच्या काचेतून तुमचं हेल्मेट पाहून पाहून कटाळली मी."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी दाखवला नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. चार वर्षांनी तिनं 'बसाचं हाये' म्हटलं होतं. आता गाडी अशी निवडायची की तिला नाही म्हणायला जागाच उरू नये, असं मी मनाशी पक्कं केलं. माझी समजूत अशी होती की हा प्रश्न गाडीचा आहे, आणि गाडीचा प्रश्न मला सुटला नाही असं कधी झालेलं नाही.

रविवारी सकाळच्या रेल्वेनं नागपूरला गेलो. तिथं एक मोठं दुकान आहे, एकाच छताखाली चार-पाच कंपन्यांच्या गाड्या. रुपेश नावाचा सेल्समन पुढे आला, तिशीचा, चटपटीत. त्यानं मला गाड्यांकडे नेलं आणि मोहिनीला सोफ्यावर बसवून हातात पाण्याची बाटली दिली.

"मॅडम, तुमी बसा इथं आरामात. सर टेस्ट राइड मारून येतात."

"मीबी येते."

"मॅडम, टेस्ट राइड चालवणाऱ्याची राह्यते. पिलियनची, म्हंजे मागच्याची, नाई राहत."

"चालवतील हे. बसाचं मले हाये," मोहिनी म्हणाली आणि बाटली परत केली.

पहिली गाडी निळी होती. इंजिन असं की ऐकत राहावं. पण मागची सीट शेपटीसारखी वर गेलेली आणि जेमतेम पाटाएवढी. मोहिनी पंजाबी ड्रेस घालून आली होती, म्हणजे पाय दोन्हीकडे टाकून बसायचं हे तिचं घरूनच ठरलेलं होतं. पण उजवा पाय तेवढा उंच जाईना. रुपेशनं प्लास्टिकची खुर्ची आणली. खुर्चीवर चढून ती बसली तेव्हा तिचं डोकं माझ्या डोक्याच्या वीतभर वर होतं. पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला तशी ती घसरून माझ्या पाठीवर आली. दुसऱ्या सिग्नललाही तेच.

"नापास," ती मागून म्हणाली.

"अवं, इंजिन त पाह्य."

"इंजिनवर मी नाई बसून राह्यली."

मला राग आला. इतक्या चांगल्या गाडीला दोन सिग्नलमध्ये नापास करणं म्हणजे पोराची एक ओळ वाचून पेपर फेकून देण्यासारखं झालं. पण सीट वाईट होती हे मला पाहूनही कळायला हवं होतं, म्हणून गप्प बसलो.

दुसरी गाडी करडी. मोठं इंजिन, भारदस्त, मागे रुंद सपाट सीट, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. खुर्ची लागली, पण ती नीट बसली. "ही बरी हाये," असंही म्हणाली. मी वर्धा रोडला घेतली. रस्ता मोकळा दिसला आणि माझा हात आपोआप पिळला गेला. खोटं कशाला बोलू, मला तिला दाखवायचं होतं की गाडी काय चीज आहे आणि नवरा काय चीज आहे. एका ट्रकला ओलांडून पुढे गेलो, मग एका कारला. मग पाठीवर बुक्क्या बसायला लागल्या. मी गाडी एका चहाच्या टपरीजवळ थांबवली. मोहिनी उतरली. खुर्ची नव्हती, तरी माझ्या खांद्याला न धरता, दांड्याला धरून कशीबशी उतरली.

"काय झालं?"

"सीट चांगली हाये," ती म्हणाली. तिचा श्वास फुललेला होता. "पण तुमी असे चालवून राह्यले, का मागं कोणी नाईच."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, "भेव वाटते त धरून बसावं. तवाबी धरलं असतं त पडली नसती."

हे वाक्य मी आजवर किती लोकांपुढे म्हटलं असेन, त्याचा हिशेब नाही. डॉक्टरसमोर, तिच्या भावासमोर, शाळेतल्या तिच्या मैत्रिणींसमोर. गावात तर दारोदार. दर वेळी ती खाली पाहायची. त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मले हात काढाले कोणं शिकवलं?"

"म्हंजे?"

"लग्न होऊन पहिल्या खेपेले आपण गावाले चाललो होतो. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून बसली होती. नाल्याचा पूल आला. तुमी गाडी हळू केली अन् म्हणाले, आता हात काढ, पदर घे, पारावर बाबा बसले असन. आठवते?"

आमच्याकडे हे असंच आहे. सून नवऱ्याच्या मागे बसून येते, मोकळ्या रस्त्यावर खांद्याला धरते, आणि गाव दिसलं की हात काढून डोक्यावरून पदर घेते. पारावर वडीलधारे बसलेले असतात, त्यांच्यादेखत नवऱ्याला धरून कसं बसायचं. हे कुठं लिहिलेलं नाही. माझ्या आईनं तसं केलं असणार, वहिन्यांना मी तसं करताना पाहिलं होतं, म्हणून मीही नव्या नवरीला सांगून टाकलं असेल. सांगितलं असेल कशाला, सांगितलंच होतं. ती बोलत असतानाच मला ते आठवलं. तिची पिवळी साडी आठवली, आणि ती लगेच 'बरं' म्हणाली होती, तेही.

"तवापासून सोळा वर्षं पूल आला का मी हात काढत होती," मोहिनी म्हणाली. "दोन्ही हातानं पदर घेत होती. त्या दिवशीबी तेच करून राह्यली होती. पहिले पहिले तुमी पुलावर गाडी हळू करत होते, मी पदर घेईपर्यंत. मंग तुमी विसरले. मी नाई विसरली."

"मंग चार वर्षं बोलली काऊन नाई?"

"वाट पाहून राह्यली होती. तुमाले आपल्या मनानं आठवते का म्हणून."

टपरीवाला आमच्याकडे पाहत होता. मला एक चहा सांगायचंही सुचलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी चार वर्षं रस्त्याला, पट्ट्याला आणि हिच्या हाताला नावं ठेवत आलो होतो. आणि ही ते सगळं ऐकत, पायात सळई घेऊन, एसटीच्या पायऱ्या चढत होती. मला माझी लाज वाटली. पण लाज वाटली की माझं तोंड बंद होतं, माफी मागायची तर सवयच नाही. मी हळूहळू गाडी परत नेली, रुपेशला किल्ली दिली आणि आम्ही रेल्वेनं घरी आलो. वाटेत ती खिडकीबाहेर पाहत होती. मी तिच्या चपलांकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी आयटीआयत पोरांना धडा होता मागच्या स्प्रिंगचा. पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की कंपनीतून निघताना स्प्रिंग एकट्या माणसाच्या वजनावर लावलेलं असतं, मागे कोणी बसणार असेल तर त्याची कडी फिरवून ते घट्ट करायचं, नाहीतर खड्ड्यात गाडीचा मागचा भाग उसळतो आणि मागच्याला फेकतो. वीस वर्षं मी हे शिकवतो आहे. पाना हातात घेऊन करून दाखवतो. संध्याकाळी घरी आलो आणि अंगणात वाकून माझ्या जुन्या गाडीची, मोहिनी पडली त्याच गाडीची, कडी पाहिली. ती पहिल्या खाचेत होती. सगळ्यात सैल. तिथून ती कधी हललीच नव्हती, गंज चढून तशीच चिकटून बसली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तिथंच फरशीवर बसून राहिलो.

मोहिनी दारात आली. "काय पाहून राह्यले?"

"काई नाई," मी म्हणालो. मग म्हणालो, "रविवारी पुन्हा जाऊ. येजो."

"तिथंच?"

"तिथंच. पण पहिले मी पाहीन मागची सीट."

पुढच्या रविवारी मी रुपेशला म्हणालो, "तू चालव. मी मागं बसतो." त्याला वाटलं मी मस्करी करतो आहे. मोहिनी मात्र स्वतःहून सोफ्यावर जाऊन बसली.

नोकरी लागल्यापासून मी कुणाच्या मागे बसलो नव्हतो. दुसऱ्याच्या हातात हँडल असलेलं मला सोसत नाही. आधी करडी घेतली. पहिल्या मिनिटातच मला कळलं की मागे बसणं हा वेगळाच धंदा आहे. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला फक्त पुढच्याची पाठ. ब्रेक कधी येणार, वळण कधी येणार, खड्डा आहे की नाही, काही कळत नाही. सगळं आधी अंगाला कळतं आणि मग डोक्याला. रुपेश जपून चालवत होता, तरी माझे गुडघे आवळले गेले होते. सोळा वर्षं मोहिनीनं माझी पाठ पाहिली होती आणि तेवढ्या पाठीवर विश्वास ठेवला होता.

दुकानाच्या मागच्या गल्लीत एक गतिरोधक होता. तो आला तसे मी दोन्ही हात उचलले आणि डोक्यावर नेले, पदर घेतल्यासारखे. गाडी अलगद चढली, फारशी उडालीही नाही. पण मी असा मागे गेलो की रुपेशच्या गळ्यालाच मागून कवळ घातली.

"सर, गळा सोडा," रुपेश म्हणाला.

मग तिसरी गाडी घेतली, शेवाळी रंगाची. हिचं इंजिन करडीपेक्षा लहान. गेल्या रविवारी मी तिच्याकडे मान वळवून पाहिलंही नव्हतं. मागची सीट बुटकी आणि कडक, पाय ठेवायच्या खुंट्या खाली, त्यामुळे गुडघे दुमडावे लागत नव्हते. दोन्ही बाजूंना दांडे, पाठीला टेकायला डबा. त्याच गल्लीतून गेलो, पुन्हा हात वर नेले, आणि पुन्हा घसरलो. जरा कमी, पण घसरलो. तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हात सोडले तर कोणतीच सीट माणसाला धरून ठेवत नाही. जगातली सगळ्यात महाग गाडी आणली असती तरी मोहिनी त्या पुलाजवळ पडलीच असती. मी चार वर्षांनी गाडी निवडायला निघालो होतो आणि ती परीक्षा गाडीची नव्हतीच.

तरी गाडी निवडायची होतीच. शेवाळी दुकानासमोर उभी केली आणि रुपेशला म्हणालो, "आता मागचं स्प्रिंग दोघाइच्या वजनावर लावा. तवा मॅडम बसतील."

"मॅडमचं वजन किती धरू सर?" रुपेशनं हळूच मला विचारलं. मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत विचारायची हिंमत झाली नव्हती. मोहिनीनं सोफ्यावरूनच खणखणीत आवाजात आकडा सांगितला, आणि मेकॅनिकनं कडी फिरवली.

खुर्ची लागली नाही. डावा पाय खुंटीवर देऊन, माझा दंड धरून ती चढली. मी निघालो ते असा, की जणू मागे दुधाचं भरलेलं पातेलं आहे. प्रत्येक ब्रेकआधी म्हणायचो, ब्रेक. खड्डा दिसला की म्हणायचो, खड्डा. वळण आलं की, डावीकडे.

"रेल्वे स्टेशनसारखं नका बोलू," ती मागून म्हणाली. "हळू घेतलं तरी पुरे."

मी हळू घेतलं. दहा-बारा किलोमीटर गेलो आणि परत आलो. ती उतरली, ओढणी नीट केली, सीटवर हाताचा पंजा दाबून पाहिला.

"ही घ्या," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं. मी रुपेशचा हात इतक्या जोरात हलवला की तो घाबरला. पण मोहिनीचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण समुद्राचं मंग पाहू. पहिले गावाले जाऊन येऊ."

गाडी घरी आली, हळदीकुंकू झालं, चाकाखाली लिंबू फुटलं. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. शेतात कापसाची शेवटची वेचणी चालू होती आणि रस्त्याला कापूस भरलेले ट्रॅक्टर लागत होते. मी एकालाही घाईनं ओलांडलं नाही. मोहिनीच्या डोक्यावर नवं हेल्मेट होतं आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. जामच्या चौरस्त्यावर चहा घेतला. समुद्रपूर गेलं. मग ती गुणगुणायला लागली, हेल्मेटमुळे मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण तिच्या हातांतून कळत होतं. मी चार वर्षं याची वाट पाहत होतो.

नाल्याचा पूल दिसला तसं गुणगुणणं थांबलं. मी गाडी हळू केली. पुलावर चढलो आणि माझ्या उजव्या खांद्यावरचा हात हलका झाला. तिनं तो उचलला होता. डोक्यावर हेल्मेट, अंगात पंजाबी ड्रेस, पदर नाहीच, तरी हात उठला. सोळा वर्षांची सवय आपल्या वेळेवर आली.

'ठेव हात' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण काढ म्हणणाराही मीच आणि ठेव म्हणणाराही मीच, तर मग बदललं काय. मी बोललो नाही. पायी चालणारा माणूसही पुढे जाईल अशा वेगानं गतिरोधक ओलांडला, आणि सरळ पारापाशी नेऊन गाडी बंद केली.

पारावर माझे वडील वासुदेवराव बसले होते, सुपारी कातरत. शेजारी तानबाजी, त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, आणि आणखी तिघं-चौघं. मोहिनी उतरली. तिचा चेहरा उतरलेला होता, हात उठला हे तिलाही कळलं होतं. मी हेल्मेट काढलं.

"बाबा, एक सांगाचं हाये," मी म्हणालो. "तानबाजी, तुमीबी ऐका. चार वर्षांपासून मी सांगून राह्यलो, का हिनं धरलं नव्हतं म्हणून पडली. थे खोटं हाये. नवं नवं लग्न झालं तवा मीच तिले सांगतलं होतं, गाव आलं का हात काढत जा, बाबा बसले राह्यते. ते सांगतलं, म्हणून तिनं धरलं नव्हतं. चूक माही होती."

अडकित्ता थांबला. मी बोलून मोकळा झालो होतो आणि मनात कुठंतरी मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं. सगळ्यांसमोर कबूल करायला छाती लागते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे मले काऊन सांगून राह्यला?"

"तुमच्या मानासाठीच त..."

"म्या कवा म्हणलं होतं सुनेनं हात काढावं म्हणून? मले इथून पूल दिसत नाई. माणूस येऊन राह्यला का बैल येऊन राह्यला, समजत नाई. दहा वर्षं झाली." त्यांनी सुपारीची खांडं तानबाजींच्या हातावर ठेवली. "अन् मी पडलो होतो का? जे पडली तिले सांग ना."

तानबाजींनी मान खाली घातली. माझं कौतुक तिथल्या तिथं विरून गेलं. खरंच की. मी डॉक्टरला सांगितलं, मेव्हण्याला सांगितलं, आता पाराला सांगितलं. तिला काहीच सांगितलं नव्हतं. टपरीवर नाही, रेल्वेत नाही, घरात नाही. मी वळलो. मोहिनी गाडीला टेकून उभी होती, दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊन.

"मोहिनी," मी म्हणालो, "मले माफ कर."

तिनं हातातलं हेल्मेट सीटवर ठेवलं.

"हे तवा पायजे होतं," ती म्हणाली. "लई दुखत होतं तवा."

"हो."

"रोज कोणी भेटाले ये, अन् रोज तुमी तेच सांगा. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत राहो."

मला तिच्याकडे पाहवेना, पण मी पाहिलं. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. बाबांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली आणि इकडे न पाहता म्हणाले, "घरी जा दोघंबी. चहा घ्या, दूध ताजं हाये."

आमचं घर पाराच्या मागेच आहे, गाडी वळवायचीही गरज नाही. मी गाडीवर बसलो. मोहिनीनं हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला. डावा पाय खुंटीवर दिला, माझा दंड धरला आणि बाबांच्या, तानबाजींच्या, सगळ्यांच्या देखत ती वर चढली. मग तिनं आधी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, मग उजवा. चांगला दाबून.

"घराकडे नका जाऊ," ती म्हणाली. "पहिले गावातून घ्या. ज्याइले ज्याइले तुमी सांगतलं, मी धरलं नव्हतं म्हणून, थ्या सगळ्याइच्या दारावरून."

मी गाडी सुरू केली आणि पहिल्या गिअरमध्ये टाकली. गाव तसं लहान आहे, चार गल्ल्या आणि एक वस्ती. पण चार वर्षांत मी फार ठिकाणी सांगितलं होतं. फिरायला बराच वेळ लागला.